मुंबई ते न्यूयॉर्क : साडेपाच तासात कसं काय?

प्रश्न : मी 67 वर्षांची आहे, जानेवारीत पहिल्यांदाच लेकीकडे न्यूयॉर्कला एकटी चाललेय. तिकिटावर मुंबईहून रात्री 1 ला निघून त्याच दिवशी सकाळी 6:30 ला पोचणार असं छापलंय. लेक म्हणते सोळा तास लागतात. आणि येताना दोन तास कमी, ते का?

उत्तर : काकू, लेकीचं बरोबर आहे. तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ छापतात आणि जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तुम्ही उतराल तेव्हा इकडे संध्याकाळचे 5 वाजलेले असतील, आता मोजा, बरोबर सोळा तास (उन्हाळ्यात तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊचा).

अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900 च्या आसपास, मग हिशोबाने चौदा तास यायला हवेत ना? पण वरती दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत तर त्याचा जोर जास्तच. जाताना ते समोरून येतात, येताना मागून ढकलतात. शिवाय रस्ता दरवेळी सगळ्यात जवळचाच मिळतो असं नाही, काही देशांचं आकाश बंद असलं की वळसा पडतो.

आणि काकू, मधल्या वाटेच्या कडेची सीट घ्या, दर दीड-दोन तासांनी उठून चाला, पाणी पीत रहा, बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा आणि त्या कुठल्या वेळेला घ्यायच्या ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.