फोनमधील ॲप आणि हातातील कोड यांची जुळणी

प्रश्न : राजवाड्याजवळच्या एका नमकीनच्या दुकानासाठी मी ऑर्डर नोंदवण्याचे अँड्रॉइड ॲप तयार केले आहे. रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी, ऐन गर्दीत, दुकानातील एका फोनवर ते तीनदा बंद पडले. क्रॅशची नोंद, बिल्डमधील आखूड नावे मूळ नावांत उलगडणाऱ्या रीट्रेस या कमांडमधून काढली, तेव्हा एका फाइलीतील २१४वी ओळ पुढे आली. पण माझ्याकडील कोडमध्ये त्या ओळीवर नुसती कॉमेंट आहे. फोनमध्ये आवृत्ती २.३ दिसते आणि माझ्याकडेही २.३च आहे. चूक कुठे शोधावी?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : कंपायलर कॉमेंट गाळून टाकतो, त्यामुळे ती ओळ फोनमध्ये चाललीच नसणार. म्हणजे फोनमधील बिल्ड (कोडपासून तयार झालेले ॲप) आणि मॅपिंगची फाइल (आखूड नावांमागची मूळ नावे व ओळी सांगणारी यादी), किंवा बिल्ड आणि आपल्यासमोरचा कोड, यांपैकी एखादी जोडी जुळत नाही. ‘२.३’ या आकड्यावर कृपया विसंबू नका. तो आपण हाताने लिहितो, आणि दुकानदाराच्या निरोपावरून घाईत एखादा बदल करून नवे बिल्ड दिले, तर तो वाढवायचा राहून जातो.

प्रथम दुकानातील तोच फोन केबलने जोडा. एडीबी हे संगणकावरून फोनला आज्ञा देणारे साधन. त्याच्या ‘एडीबी शेल पीएम पाथ’ या कमांडला ॲपचे पॅकेज-नाव दिले की एपीके, म्हणजे ॲपची फाइल, फोनमध्ये कुठे आहे ते कळते, आणि ‘एडीबी पुल’ने ते संगणकावर घेता येते. एकाहून अधिक एपीके दिसल्यास ‘बेस’ नावाचे घ्यावे. आपल्या बिल्ड फोल्डरमधील एपीकेवर तपासणी करू नका, कारण वाद नेमका त्याच्याविषयी आहे.

आता मॅपिंगची जोडी पाहा, कारण माझा पहिला संशय तिच्यावर आहे. एपीके ही झिप फाइलच असते. ‘अनझिप’ने तिच्यातील क्लासेस-डेक्स ही कोडची फाइल काढून, वाचता येणारा मजकूर वेगळा करणाऱ्या ‘स्ट्रिंग्ज’ कमांडला द्या आणि ‘ग्रेप’ने ‘पीजी-मॅप-आयडी’ हा शब्द शोधा. कोड आटोपशीर करणारे आर-८ हे साधन त्या शब्दापुढे एक खूण बिल्डमध्ये ठेवते आणि तीच मॅपिंग फाइलीच्या माथ्यावरील ओळींतही लिहिते. दोन्ही अक्षर न् अक्षर सारख्या असायला हव्यात. हे मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण भलतीच मॅपिंग दिली तरी रीट्रेस तक्रार करीलच असे नाही: ‘ए’, ‘बी’ अशी आखूड नावे जवळजवळ प्रत्येक बिल्डमध्ये असतात, त्यामुळे ते एका वर्गाऐवजी दुसऱ्याचे नाव आणि ओळ बिनदिक्कत देते, आणि उत्तर खरे वाटते.

खूण जुळली, तर दोष कोडच्या जोडीत आहे. बिल्ड तयार करणारे अँड्रॉइडचे ग्रेडल प्लगइन ८.३ किंवा त्यापुढचे असेल आणि प्रकल्प गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असेल, तर रिलीज बिल्डच्या मेटा-इन्फ फोल्डरमधील व्हर्जन-कंट्रोल-इन्फो फाइलीत कमिटचा, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या कोडच्या त्या स्थितीचा, क्रमांक सापडतो. तो घेऊन ‘गिट वर्कट्री ॲड’ने त्या कमिटची वेगळी प्रत शेजारच्या फोल्डरमध्ये उघडा, चालू काम जागचे हलत नाही आणि २१४वी ओळ जशी होती तशी दिसते. मात्र कमिट न केलेले बदल ठेवून बिल्ड केले असेल, तर तो क्रमांक अर्धसत्यच सांगतो. म्हणून ग्राहकाला देण्याच्या बिल्डपूर्वी ‘गिट डिस्क्राइब’ला ‘ऑलवेज’ आणि ‘डर्टी’ हे पर्याय देऊन पाहावे. शेवटी ‘डर्टी’ असे शेपूट आले, तर ते बिल्ड ग्राहकाकडे अजिबात पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयफोनसाठी हीच पडताळणी ‘ड्वार्फडंप’ कमांडने यूयूआयडी ही बिल्डची खूण पाहून करतात.

खूण जुळली नाही आणि जुनी मॅपिंगही सापडली नाही, तर आश्चर्य नको. मॅपिंगची फाइल आर-८ दर बिल्डला पुसून नव्याने लिहिते. प्ले स्टोअरसाठी तयार केलेले ॲप बंडल जपून ठेवले असेल, तर मॅपिंग त्याच्या मेटाडेटा फोल्डरमध्ये मिळेल. तेही नसल्यास वर्कट्रीतील जुन्या कमिटवरून, आर-८ची आवृत्ती न बदलता, पुन्हा बिल्ड करा आणि नव्या मॅपिंगची खूण फोनमधील खुणेशी ताडून पाहा. जुळली, तर तीच फाइल रीट्रेसला देऊन रंगपंचमीच्या संध्याकाळची नोंद पुन्हा वाचा.