भाच्याचे डॉलर आणि कंपनीची अट

प्रश्न : येरवड्यात घरकामगार बायकांच्या हक्कांसाठी आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. न्यू जर्सीतला भाचा दरमहा पैसे पाठवायला तयार आहे. खराडीची एक कंपनीही देते म्हणते, पण ‘मोर्चे-बिर्चे नकोत, शिलाई मशीन घ्या’ अशी अट. काय करू?

उत्तर : ताई, आधी भाच्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी कायद्याने परदेशी ठरत नाही, खुशाल घ्या. अमेरिकेचा असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही नको. भाचा सख्खा असला तरी!

कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीसाठी १२ए (संस्थेला करमाफी देणारी आयकर नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी) आणि सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठी सरकारकडे करायची नोंदणी) लागेल. सीएला आजच गाठा. मशीन घ्यायला माझी ना नाही. मात्र करारात ‘हा निधी फक्त शिलाई वर्गासाठी’ एवढंच लिहा, ‘संस्था इतर काम करणार नाही’ हे वाक्य दिसलं तर सही करू नका. बुडवलेल्या पगारासाठी मालकिणीच्या दारात जायचं ते बायकांच्या वर्गणीतून. ती बंद करू नका.

आणि हो, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, हे सोसायटीतल्या काकांना पावती फाडण्याआधीच सांगा.