कधी बरोबर, कधी चूक: अकरावीतली केमिस्ट्री

"रात्र रात्र जागतो, तरी केमिस्ट्री डोक्यात राहत नाही. सायन्स सोडवू का, मॅडम?" अकरावीची पहिली चाचणी झाली की पालक हा प्रश्न घेऊन येतातच. एक आई मुलाची तपासलेली उत्तरपत्रिकाच घेऊन आल्या. बरं झालं, कारण पहिल्या भेटीत मुलं फारसं बोलत नाहीत.

प्रश्न होता आयनिक संयुगांना, म्हणजे अधिक-उणे विद्युत प्रभार असलेल्या कणांच्या (आयनांच्या) संयुगांना, नावं देण्याचा. एफई-सीएल-टू, आयर्न टू क्लोराइड: बरोबर. एफई-सीएल-थ्री, आयर्न थ्री क्लोराइड: बरोबर. एफई-टू-ओ-थ्री, आयर्न टू ऑक्साइड: फुली. सीयू-ओ, कॉपर वन ऑक्साइड: फुली.

"कधी येतं, कधी नाही. माझी मेमरीच वीक आहे," मुलगा म्हणाला. आईंनी लगेच सांगितलं, "रोज भिजवलेले बदाम देते." (बदामांवर आपला फार विश्वास.)

मी विचारलं, "आयर्न टू ऑक्साइडमधला हा 'टू' कुठून आणलास?"

"फॉर्म्युल्यात पहिला आकडा तोच आहे ना."

"आणि सीयू-ओमध्ये?"

"आकडाच नाही. म्हणजे वन."

म्हणजे तो काहीच विसरत नव्हता. एकच चुकीचा नियम चारही ठिकाणी इमानेइतबारे लावत होता आणि क्लोराइडपुरता तो नियम योगायोगाने बरोबर ठरत होता. हे 'टू', 'थ्री' अणूंची संख्या सांगत नाहीत, धातूच्या आयनावरचा प्रभार सांगतात. क्लोराइडवर उणे एक, म्हणून फॉर्म्युल्यातला आकडा आणि लोहावरचा प्रभार जुळतात. ऑक्साइडवर उणे दोन. तीन ऑक्साइडचे उणे सहा, ते दोन लोहांत वाटले की प्रत्येकी अधिक तीन. म्हणून आयर्न थ्री ऑक्साइड. सीयू-ओ त्याने स्वतःच सोडवलं: कॉपर टू. मग सीयू-टू-ओ: कॉपर वन.

"मग मॅग्नेशियम डायक्लोराइड का नाही म्हणत?" हा प्रश्न वीक मेमरीवाल्याचा नव्हे. मॅग्नेशियमवर कायम अधिक दोनच, म्हणून क्लोराइड किती ते सांगावं लागत नाही. डाय, ट्राय लागतात ते कार्बन डायऑक्साइडसारख्या सहसंयुज, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेल्या, संयुगांना.

पाठांतर लागतं, पण थोडं: नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, अमोनियम अशा आयनांची सूत्रं आणि प्रभार. सल्फेट सांगितल्यावर आई म्हणाल्या, "द्राक्षाला बोर्डो करतो त्यातलं मोरचूद कॉपर सल्फेटच ना?" तेच. सल्फेटवर उणे दोन, म्हणून मुलाने पूर्ण नाव सांगितलं: कॉपर टू सल्फेट.

सायन्स सोडण्याचा निर्णय सहामाहीपर्यंत थांबवायला सांगितलं, आणि 'मेमरी वीक' हे शब्द घरात बंद. तोवर प्रत्येक चुकलेल्या उत्तराशेजारी आपण ते कसं काढलं, हे त्याने एका ओळीत लिहायचं. मुलाला विषयच नको असता, तर बोलणं वेगळं झालं असतं. याला तो हवा होता. जाता जाता सल्फाइटवर प्रभार किती, ते त्यानेच विचारलं.