घुबडाला मारलेला दगड

प्रिय चिऊ,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू आजीला शाळेत केलेलं मातीचं घुबड दाखवलंस. आजी क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "छान झालंय गं, पण झोपायच्या खोलीत नको ठेवूस." रात्री पांघरूण ओढून घेताना तू मला विचारलंस, "बाबा, शाळेत म्हणतात घुबड शहाणं असतं. आजीला ते अशुभ वाटतं. मराठी माणसं घुबडाला एवढी का घाबरतात? आणि खरं कोणाचं?" मी "उद्या सांगतो" म्हणून दिवा घालवला. त्याला चार दिवस झाले. आता तुला देवनागरी सरळ वाचता येतं, म्हणून हे लिहूनच देतोय. आजीबद्दल घाईघाईत काही बोलून जाणं मला बरं वाटेना.

आधी आजीची बाजू. आपल्याकडे घराच्या जवळ घुबड ओरडलं की कोणीतरी जाणार, असं मानणारी माणसं आजही आहेत. कोणी तोंड पाडून कोपऱ्यात बसलं तर "घुबडासारखा काय बसलास" म्हणतात. आणि सगळ्यात मोठी भीती दगडाची. घुबडाला दगड मारायचा नाही. मारलाच, तर ते तो दगड उचलून नेतं आणि घासत बसतं. दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा माणूस झिजत जातो.

मी नऊ वर्षांचा असताना असा दगड मारला आहे. घरामागे चिंचेचं जुनं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहायची. पिंगळा म्हणजे छोटं घुबड, तुझ्या पाण्याच्या बाटलीएवढं. राखाडी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पिवळेधमक डोळे. संध्याकाळी तो ढोलीच्या तोंडाशी येऊन बसला होता. मी खाली उभा राहिलो तसं त्याने डोकं खाली घेतलं, वर उचललं, पुन्हा खाली घेतलं. पिंगळे असं करतात. समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज त्यांना त्यावरून येतो. मला वाटलं तो मला वेडावतोय. मी दगड उचलून भिरकावला. तो त्याला लागला नाही, फांदीला लागून खाली पडला. पिंगळा माझ्याकडे बघत राहिला आणि मागे सरकून ढोलीत गेला.

माझ्या चुलतभावाने ते पाहिलं आणि झिजण्याची गोष्ट मला सांगितली. त्या रात्री मी मनगटाला दोरा गुंडाळला, जिथे टोकं जुळली तिथे गाठ मारली आणि तो उशीखाली ठेवला. रोज रात्री तो दोरा मनगटाला लावून बघायचो, सैल होतोय का. तिसऱ्या रात्री तो मला सैल वाटला आणि मी रडायला लागलो. तुझी आजी तेव्हा तरुण होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मला रागावली नाही, हसलीही नाही. सकाळी माझा हात धरून चिंचेखाली घेऊन गेली. दगड तिथेच होता. काळा, त्यावर एक आडवी पांढरी रेघ, म्हणून मी लगेच ओळखला. आजीने तो धुतला आणि तुळशीवृंदावनात ठेवला. म्हणाली, "आता हा आपल्याकडे आहे. इथे कोणी घासणार नाही. पण परत कुठल्या पाखराला मारायचा नाही."

आजी स्वतःही त्या गोष्टीवर विश्वास ठेवत होती, हे मला फार पुढे कळलं. मला बरं वाटावं म्हणून तिने दगड ठेवला, हे तर खरंच. तिला स्वतःलाही तो हवा होता. तिची भीती आणि तिची माया एकाच जागेतून येतात. तुझ्या घुबडाकडे बघून ती गप्प झाली, तेव्हा तिला तुझी काळजी वाटली होती.

आता गंमत बघ. ज्या घरात घुबडाचं नाव रात्री घेत नसत, त्याच घरात पिंगळ्याचं स्वागत व्हायचं. पिंगळा हे एका माणसाचंही नाव आहे. पहाटे, उजाडायच्या आत, हातात कंदील आणि कुडमुडं, म्हणजे छोट्या डमरूसारखं वाद्य, घेऊन पिंगळा जोशी दारात यायचा. मला पिंगळ्याची भाषा कळते, पाखराने मला तुमच्या घराबद्दल सांगितलंय, असं म्हणून तो पुढचं चांगलं भविष्य सांगायचा. बायका सुपातून त्याला धान्य घालायच्या. म्हणजे मोठं घुबड ओरडलं तर मरण, आणि त्याचाच छोटा भाऊ बोलला तर शकुन. मराठी माणूस घुबडाला घाबरतो हे अर्धंच उत्तर झालं. आपण त्याचं ऐकत आलोय, त्यात काहीतरी निरोप असतो असं धरून.

हे फार जुनं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक सूक्त आहे, त्यात घुबड जे बोलतंय ते फोल ठरो अशी प्रार्थना आहे. तीन हजार वर्षांपूर्वीही रात्री कोणीतरी तो आवाज ऐकून अंथरुणात उठून बसलं असणार. महाभारतात तर घुबड एका फार वाईट रात्रीचं कारण होतं. युद्ध हरल्यावर अश्वत्थामा वडाखाली जागा आहे. झाडावर कावळे झोपलेत. एक घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना मारतं. ते बघून अश्वत्थाम्याला सुचतं की आपणही झोपलेल्या शत्रूवर तुटून पडावं, आणि तो तसं करतो. मला ही गोष्ट वाचताना नेहमी वाटतं, घुबडाला भूक होती आणि अश्वत्थाम्याला सूड हवा होता. नाव मात्र घुबडाचं खराब झालं.

त्याच देशात लक्ष्मीचं वाहनही घुबडच. आपल्याकडच्या लक्ष्मीच्या चित्रांत बहुधा कमळ आणि हत्ती दिसतात, म्हणून तू ते पाहिलं नसशील. बंगालमध्ये मात्र लक्ष्मीच्या पायाशी पांढरं घुबड असतंच. ते गव्हाणी घुबड, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं. तिकडे त्याला लक्ष्मी पेंचा म्हणतात आणि ते घराच्या आसऱ्याला आलं तर लोकांना आनंद होतो. मराठीत आपण त्याला गव्हाणी म्हणतो. गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांचा चारा ठेवायची जागा. गोठा आणि धान्य असेल तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे हे. धान्य राखणारा पक्षी लक्ष्मीचा असावा, हे मला पटतं.

तुझ्या शाळेतलं शहाणं घुबड आलं ग्रीसमधून. अथीना ही तिथली बुद्धीची देवता आणि छोटं घुबड तिचा पक्षी. आपल्या पिंगळ्याचं ते अगदी जवळचं नातेवाईक. शास्त्रज्ञांनी या छोट्या घुबडांच्या गटालाच अथीनाचं नाव दिलंय. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला अथीना आणि दुसऱ्या बाजूला घुबड असायचं. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर आजही त्या जुन्या नाण्याचं चित्र आहे. आणि शेजारच्याच रोममध्ये? तिथे घुबड दिसलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा. एकदा तिथल्या कॅपिटॉल टेकडीवरच्या देवळात मोठं घुबड शिरलं म्हणून शहराची शुद्धी करावी लागली, असं प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. दोन्ही लोक जवळजवळ राहणारे, एकमेकांचे देव उसने घेणारे, पण पक्षी एकच असून त्यांना वेगवेगळं काही ऐकू आलं.

इस्लामच्या आधीच्या अरबांमध्ये समजूत होती की ज्याचा खून झाला त्याचा जीव घुबड होऊन कबरीभोवती फिरतो आणि सूड घेतला जाईपर्यंत "मला पाणी द्या" असं ओरडत राहतो. जपानमध्ये घुबडाला फुकुरो म्हणतात. त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ निघतो, 'कष्ट नाहीत'. म्हणून तिथे लोक एकमेकांना घुबडाच्या छोट्या मूर्ती देतात, तुझ्या मातीच्या घुबडासारख्या. त्याच देशाच्या उत्तरेला, होक्काइडो बेटावर, आइनू लोकांसाठी तिथलं प्रचंड मोठं मासेखाऊ घुबड हा गावाचा राखणदार देव. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचं रुरु हेही असंच राखण करणारं, पण त्याची किंकाळी वाईट बातमी आणते असंही ते मानतात. आपल्या पिंगळ्याची आणि घुबडाची जशी दुहेरी गोष्ट आहे, तशी त्यांच्याकडे एकाच पक्ष्याची आहे.

इतक्या लांब लांबच्या लोकांना हाच पक्षी का खुपावा? तू तुझ्या घुबडाचा चेहरा करताना मला म्हणाली होतीस, "बाबा, याचे डोळे माणसासारखे पुढे आहेत." तिथेच उत्तर आहे. चिमणीचे, कबुतराचे डोळे बाजूला असतात. घुबडाचा चेहरा सपाट, दोन्ही डोळे पुढे, आणि डोळे मिचकावताना ते आपल्यासारखी वरची पापणी खाली आणतं. बहुतेक पक्षी खालची वर नेतात. त्यामुळे अंधारात कोणीतरी माणूसच बघतोय असं वाटतं. शिवाय ते उडताना आवाज येत नाही. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागची कड झालरीसारखी मऊ असते, आणि हवा त्यातून गुपचूप निघून जाते. काही दिसलं नाही, काही ऐकलं नाही, आणि अचानक समोर पांढरा चेहरा. पूर्ण मान मागे वळवणारा.

मरणाचं म्हणशील तर मला एक साधं कारण पटतं. विजेच्या आधीच्या काळात गावात रात्रभर दिवा कुठे जळायचा? जिथे कोणी फार आजारी असेल, त्याच खोलीत. दिव्यावर किडे येणार, किड्यांमागे छोटं घुबड येणार आणि खिडकीपाशी ओरडणार. सकाळी माणूस गेलेला असायचा. जर्मन लोकांना तर तिथल्या छोट्या घुबडाच्या आवाजात "माझ्याबरोबर ये" हे शब्द ऐकू यायचे. आजारपण आधी आलं होतं, घुबड नंतर. पण रात्रभर उशाशी जागलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

आता एक गोष्ट, जी लिहिताना मला जड जातंय, पण तू बारा वर्षांची आहेस आणि तुला कळायला हवी. घुबड म्हणजे लक्ष्मी, मग त्याचा बळी दिला तर धन येईल, असं मानणारी माणसं भारतात आहेत. दिवाळीच्या आसपास घुबडं चोरून पकडली आणि विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती पकडणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे, तरी हे थांबलेलं नाही. आजीच्या भीतीने तरी कोणी घुबडाला हात लावत नव्हतं. दगड झिजण्याच्या गोष्टीने किती पिंगळे वाचले असतील, याचा मी खूपदा विचार करतो. मला राग येतो तो हावेचा.

चांगलंही घडतंय. पुरंदर तालुक्यात पिंगोरी नावाचं गाव आहे, तिथे २०१८ साली घुबडांचा उत्सव सुरू झाला. शाळेतली मुलं घुबडाची चित्रं काढतात, नाटकं करतात. इस्राएलमधल्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर विष टाकण्याऐवजी गव्हाणी घुबडांसाठी लाकडी खोकी बसवायला सुरुवात केली आणि पुढे जॉर्डनमधले शेतकरीही त्यात आले. त्यांच्यातल्या अनेकांना लहानपणापासून घुबड अशुभ म्हणून सांगितलेलं होतं.

आणि रानपिंगळा! हे तुला सांगायलाच हवं. १८७३ मध्ये या घुबडाची पहिली शास्त्रीय नोंद झाली. १८८४ नंतर त्याचा खरा पत्ता कोणालाच लागला नाही. १९१४ चा एक नमुना होता, पण तो खोटा निघाला. दुसऱ्याने गोळा केलेला पक्षी चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती, आणि त्यामुळे लोक भलत्या ठिकाणी शोधत राहिले. हा पक्षी संपला असंच सगळे धरून चालले होते. मग १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्या महाराष्ट्रात, शहाद्याजवळ तो सापडला. ११३ वर्षांनी. तोही सकाळी, उघड्या झाडावर बसलेला, कारण रानपिंगळा दिवसाढवळ्या वावरतो. संस्कृतात घुबडाला 'दिवाभीत' म्हणतात, म्हणजे दिवसाला भिणारा. या पठ्ठ्याला ते नाव लागूच पडत नाही.

तर खरं कोणाचं, हे तू विचारलंस. घुबड शहाणं नाही आणि अशुभही नाही. गव्हाणी घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, आणि तेवढ्या फरकावरून ते पूर्ण अंधारात उंदीर नेमका कुठे आहे ते ओळखतं. त्याला आपल्या जन्ममरणाशी काही देणंघेणं नाही. तुझं घुबड तुझ्या खोलीत, खिडकीतच राहू दे. फक्त आजीशी बोलताना "ही अंधश्रद्धा आहे" असं म्हणू नकोस. तिला पिंगळा जोशाबद्दल विचार. तो काय म्हणायचा ते तिला चालीसकट येतं, आणि मला ते नीट आठवत नाही.

आणि तुळशीतला पांढऱ्या रेघेचा दगड अजून आहे का, तेही विचार. असेल तर कॅमेऱ्यासमोर धरायला सांग.

तुझा,
बाबा