पिल्लं पूर्ण वाढतात, पण अंड्यातच मरतात. इन्क्युबेटरमधली आर्द्रता अजून वाढवू का?

नको. उलट पाण्याचे दोन्ही ट्रे आजच बाहेर काढा.

तुम्ही दिलेली माहिती अशी: चिपळूणजवळचं घर, ऐन जुलै, पंख्याचं पन्नास अंड्यांचं मशीन, तापमान ३७.५, ट्रे पहिल्या दिवसापासून काठोकाठ आणि आर्द्रतेचा मीटर कायम ७० टक्क्यांच्या वर. मागच्या खेपेला १८व्या दिवशीसुद्धा बॅटरीच्या उजेडात हालचाल दिसत होती, तरी निम्मी पिल्लं बाहेर आलीच नाहीत. फोडून पाहिलं तर आत पूर्ण वाढलेलं, ओलंचिंब, फुगलेलं पिल्लू. आता दुसऱ्या खेपेचा ९वा दिवस चालू आहे.

'ओलंचिंब' आणि 'फुगलेलं' या दोन शब्दांतच उत्तर आहे. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. उबवताना त्यातून पाणी हळूहळू उडून जातं आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी कमी व्हायला हवं. कवच फोडण्याआधी पिल्लू चोच त्या पोकळीत घालतं आणि पहिला श्वास तिथेच घेतं. मशीनमध्ये दमटपणा जास्त असेल तर पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लाला वळायला जागा उरत नाही आणि चोच हवेत जाण्याऐवजी पाण्यात बुडते.

पिल्लू कोरडं, पातळ पापुद्र्यात आवळून चिकटलेलं सापडलं असतं तर मी नेमकं उलट सांगितलं असतं. चोच निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडं उलटं ठेवलं गेलं असण्याची शक्यता जास्त. रुंद टोक नेहमी वर हवं. शिळी अंडी, अंडी फिरवण्यात हयगय, कोंबड्यांच्या खाद्यात जीवनसत्त्वांची कमतरता यांनीही पिल्लं मरतात, पण त्यांचा दोष तपासायचा तो दमटपणा आटोक्यात आणल्यावर.

आता कोकणाचं गणित, कारण मशीनसोबतच्या कागदावर ते नसतं. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेली हवा मशीनमध्ये जाऊन ३७.५ ला तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० च्या आसपास येते. पहिले १८ दिवस आपल्याला हवी असते ती ५० ते ५५! म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात पाणी न घालताच काम भागतं. हीच हवा हिवाळ्यातल्या नाशिकची असेल, पहाटे १२ अंश आणि ७० टक्के, तर तापल्यावर ती १५ टक्क्यांवर येते. तिथे ट्रे भरावेच लागतात. सोलापूरच्या एप्रिलमध्येही तेच. त्यामुळे 'किती पाणी घालू' याला गाव आणि महिना विचारल्याशिवाय उत्तर देणाऱ्याचं फारसं मनावर घेऊ नका. आणि एक, आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नाही, पसरलेल्या पृष्ठभागावर ठरते. खोल वाटीपेक्षा उथळ ताटली जास्त काम करते.

मीटरवर माझा स्वतःचा फार विश्वास नाही. स्वस्त हायग्रोमीटर पाच-दहा टक्के इकडेतिकडे सहज दाखवतो. तपासायचा असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून ते फक्त ओलं करा (विरघळू द्यायचं नाही), आणि मीटरसकट घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवेत. ६८ दाखवत असेल तर तो ७ ने कमी बोलतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

खरा हिशोब अंडीच देतात, आणि त्याला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. मी अंडी ठेवतानाच अंड्यांचा पूर्ण ट्रे तोलतो आणि रिकाम्या ट्रेचं वजन वजा करतो. समजा ३० गावरान अंड्यांचं वजन १४०० ग्रॅम भरलं. १२ टक्के म्हणजे १६८ ग्रॅम, तेवढे १८ दिवसांत जायला हवेत. ६व्या दिवशी ५६ च्या आसपास गेले असतील तर गाडी रुळावर. ३० च गेले तर दमट, ८० गेले तर कोरडं. मधे वांझ अंडी काढलीत तर त्यांचं सुरुवातीचं वजन हिशोबातून वगळा, म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने वजन लिहिलेलं बरं. स्केचपेन नको.

तापमानाचा आकडा तुमचा बरोबर आहे, फक्त तो खरा आहे का ते पाहा. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९९.५, माणसाला कणकण येते तेवढं. म्हणूनच तापाचा डिजिटल थर्मामीटर इथे कामाला येतो: कोमट पाण्याच्या पेल्यात तो आणि थर्मोस्टॅटची (तापमान राखणाऱ्या यंत्राची) वायरवाली जलरोधक प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, शेजारी-शेजारी बुडवा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. बिनपंख्याच्या थर्मोकोलच्या खोक्यात वर-खाली फरक पडतो, तिथे अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर ३८.५ च्या आसपास ठेवतात. मागच्या खेपेत जी पिल्लं आली ती कधी आली, तेही आठवा. बरीचशी १९-२० व्या दिवशीच आली असतील तर मशीन गरम चालतंय, २२-२३ उजाडला असेल तर थंड.

लाईट जाण्याची तुम्हाला धास्ती वाटते असं लिहिलंय. दोन-तीन तासांनी फारसं बिघडत नाही; खुडूक कोंबडीही दाणापाण्यासाठी रोज उठतेच. मशीनवर गोधडी टाका आणि झाकण उघडू नका. शेवटच्या आठवड्यात मात्र हवेची भोकं झाकू नका, तेव्हा आतल्या पिल्लांना हवा जास्त लागते आणि त्यांची स्वतःची ऊबही असते. मला भीती वाटते ती उलट बाजूची. स्वस्त थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे बल्ब चालू-बंद करणारा आतला स्विच, चिकटला की बल्ब बंदच होत नाही, आणि ४० च्या वर काही तास गेले तर खेप हातची जाते. ३८.५ वर लावलेला दुसरा थर्मोस्टॅट त्याच वायरीत मालिकेत (एकापुढे एक) जोडून घ्या, म्हणजे पहिला अडकला तरी दुसरा बल्ब बंद करेल. खर्च किरकोळ आहे. वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करवून घ्या.

आता तुमच्या ९व्या दिवसाच्या अंड्यांबद्दल. सुरुवातीचं वजन तुमच्याकडे नाही, म्हणून आज रात्री बॅटरी लावून चार-पाच अंड्यांवर पोकळीची कड पेन्सिलीने आखून ठेवा. पाण्याचे ट्रे बाहेर, हवेची भोकं पूर्ण उघडी. मीटर ४० वर उतरला तरी घाबरू नका, साठलेली कसर याच दिवसांत भरून काढायची आहे. १४व्या दिवशी पुन्हा आखा. रेघ स्पष्ट खाली सरकली असेल तर तसंच चालू द्या. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवणं १८व्या दिवसापर्यंत चालूच ठेवायचं, मग थांबवायचं. मशीन आपोआप फिरवत असेल तर मोटर बंद करायला विसरू नका.

१८व्या दिवशी पोकळी अंड्याच्या जवळजवळ एक तृतीयांश दिसली की मगच पाणी घाला आणि ६५ ते ७० वर न्या. यावेळी आर्द्रता खरोखर लागते, कारण कवच फुटल्यावर आतला पापुद्रा वाळून कागदासारखा कडक होतो. पहिलं पिल्लू बाहेर आलं की त्याच्या ओल्या पिसांनीच मीटर वर चढेल, तेव्हा पाणी वाढवायचं नाही. कवचाला पहिली भेग पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. त्या वेळात झाकण उघडून मदत करू नका, घरातली मुलं कितीही मागे लागली तरी. आलेली पिल्लंही वाळेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात.