फाइल आणि तिची माहिती एकाच उत्तरात पाठवावी का?

प्रश्न : आमच्या मराठी वाचनालयातील जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून आम्ही ते संकेतस्थळावर ठेवत आहोत. वाचकाने अंक निवडताच त्याची पीडीएफ आणि संपादक, वर्ष, पृष्ठसंख्या ही माहिती सर्व्हरकडून एकाच उत्तरात मिळावी, म्हणून मी पीडीएफ बेस६४ रूपात (फाइलचे बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) जेसनमध्येच (माहिती पाठवण्याचा मजकुरी साचा) घालतो. परंतु मोबाइलवर अंक उघडण्यास फार वेळ लागतो. योग्य मार्ग कोणता?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण माहिती आणि पीडीएफ वेगवेगळी पाठवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. बेस६४ मध्ये दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, त्यामुळे १२ एमबीचा अंक १६ एमबीचा होतो. याहून मोठे नुकसान असे, की संपूर्ण जेसन उतरल्याशिवाय वाचकाला पहिले पानही दिसत नाही. तीच पीडीएफ स्वतंत्र पत्त्यावर असेल आणि सर्व्हर रेंज विनंत्या, म्हणजे फाइलचा ठरावीक भागच मागणाऱ्या विनंत्या, स्वीकारत असेल, तर पीडीएफ.जेएससारखा ब्राउझरमध्ये पीडीएफ दाखवणारा दर्शक हवा तेवढाच भाग २०६ क्रमांकाच्या (अंशतः मजकूर असलेल्या) उत्तरातून मागवून घेतो. शिवाय एकदा उतरलेली फाइल ब्राउझरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहू शकते. जुने अंक सहसा बदलत नसल्याने आपल्याला याचा विशेष लाभ होईल. म्हणून जेसनमध्ये केवळ माहिती आणि पीडीएफचा दुवा द्यावा. दोन विनंत्या होणे हा दोष नव्हे.

मुखपृष्ठाचे काही केबींचे लघुचित्र मात्र बेस६४ मध्ये पाठवण्यास हरकत नाही.

माहिती हेडरमध्ये, म्हणजे उत्तराच्या मुख्य भागाआधी जाणाऱ्या छोट्या नोंदींत, घालून मुख्य भागात फाइल पाठवण्याचा मार्गही सुचवला जातो. एखाद्या क्रमांकापुरता तो ठीक आहे. पण देवनागरी मजकूर हेडरमध्ये थेट सुरक्षितपणे जात नाही, तो टक्के-चिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलावा लागतो, आणि संकेतस्थळ व सर्व्हर यांचे डोमेन वेगळे असल्यास 'ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्स' दिल्याशिवाय जावास्क्रिप्टला असे हेडर वाचता येत नाही.

दोन्ही एकत्रच पोहोचणे अपरिहार्य असेल, तर मल्टिपार्ट, म्हणजे अनेक भाग असलेल्या, उत्तराची सोय आहे. त्यात प्रत्येक भागाला स्वतःचा कंटेंट-टाइप (मजकुराचा प्रकार सांगणारी नोंद) असतो आणि फाइल मूळ बाइटांतच जाते. 'मल्टिपार्ट/मिक्स्ड'चे भाग फेच (ब्राउझरमध्ये सर्व्हरकडून उत्तर मागवण्याची जावास्क्रिप्टची सोय) आपणहून वेगळे करून देत नाही. उत्तर 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' प्रकारचे असल्यास मात्र फेचच्या 'फॉर्मडेटा' पद्धतीने ते वाचता येते. तरीही रेंजची वर सांगितलेली सोय यात हातची जाते, म्हणून संपूर्ण अंकांसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

पुन्हा स्कॅन केलेल्या अंकाशी जुनी माहिती जोडली जाण्याची भीती वाटत असेल, तर दुव्यातच आवृत्तीचा क्रमांक घालावा आणि नवी फाइल नव्या पत्त्यावर ठेवावी.