सुट्या मणक्यावरून नवी प्रजाती?

प्रश्न : सॅलॅमँडर (बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला उभयचर) याचे जीवाश्म म्हणजे बहुधा सुटे मणके. तेवढ्यावरून नामशेष प्रजातीचं वर्णन कसं करतात?

उत्तर : आधी मणका कण्यातल्या कुठल्या जागेचा, ते ठरवा. मानेचा पहिला मणका सर्वांत बोलका. त्याच्या पुढच्या बाजूला कवटीत बसणारा उंचवटा असतो. धडाच्या मणक्यात दोन्ही टोकं खोलगट आहेत की पुढचं फुगीर, बरगडी जोडणारे फाटे कसे आहेत आणि मज्जातंतूंची छिद्रं कुठे आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. हाडं अनेकदा काही मिलिमीटरचीच असतात. म्हणून माती पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून हलकेच धुवा. चोळलंत तर फाटे मोडतात आणि ओळख तिथेच संपते.

खरी फसगत तुलनेत होते. पिल्लू नि प्रौढ, धड नि शेपूट यांचे मणके वेगळे दिसतात. हा फरक न तपासता नवं नाव देणं घाईचं. हयात प्रजातींचे सांगाडे शेजारी हवेतच.

तुलना न केल्याने काय होतं याचं जुनं उदाहरण : स्विस निसर्गअभ्यासक योहान शॉइख्झरने 1726 मध्ये जर्मनीतल्या ओएनिंगनचा सांगाडा बायबलमधल्या महापुरात बुडालेल्या माणसाचा ठरवला होता. 1811 मध्ये फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्युव्हिएने नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये, सॅलॅमँडरच्या सांगाड्याचं चित्र समोर ठेवून, त्या जीवाश्माभोवतीचा दगड कोरला आणि पुढचे पाय उघडे केले! आज त्या नामशेष सॅलॅमँडरचं शास्त्रीय नाव आन्द्रियास शॉइख्झरी.

नाव देताना एक होलोटाइप (ज्याच्यावर नाव आधारलेलं असतं तो एकमेव नमुना) नेमा, तो सार्वजनिक संग्रहालयात क्रमांकासह ठेवा; निदानात (प्रजातीची ओळख पटवणाऱ्या वर्णनात) जवळच्या प्रजातींपासूनचे फरक स्पष्ट लिहा.